समाधान कुणाचं?

(नाशिक रोड येथील अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'शेती सहकारी संस्थांची कामगिरी व सभासदांचे समाधान' असा विषय छापलाय. तो वाचून मागच्या रांगेतले दोघं-तिघं चहाला उठले, ते मी पाहिलं. त्यांच्यावर राग नाही. आपण नाशिक रोडला, फुलेनगरला वाढलेली पोरं. बाप गाव सोडून आला, नाहीतर आजा. आपल्याला सोसायटी म्हटलं की फ्लॅटवाल्यांची बिल्डिंग आठवते. गावातली विकास सोसायटी ही बागायतदारांची भानगड, आपलं तिथं काय जळतंय, असं तुम्हाला वाटणार. मलाही तसंच वाटायचं. पण पोटासाठी मी अकरा वर्षं निफाड तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीत कारकुनी केली. अक्षर चांगलं म्हणून ठेवला होता. गावाचं नाव घेत नाही, कारण जे त्या दप्तरात पाहिलं तेच शेजारच्या गावच्या दप्तरातही होतं.

एकदा कॉलेजातला एक पोरगा संशोधनासाठी आला. छापील प्रश्नावली होती. अत्यंत समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अत्यंत असमाधानी. यातल्या एकावर खूण करायची. चेअरमननं त्याला चहा पाजला नि मला म्हणाला, याला सभासदांची यादी काढून दे, चांगल्या चांगल्यांची. मी दिली. पोरगा प्रामाणिक होता. दोन दिवस उन्हात मळे फिरला, फॉर्म भरून आणले. बहुतेक सगळे समाधानी. त्या दोन्ही दिवशी माझा बाप सोसायटीच्या ओट्यावर बसलेला होता. युरियाच्या दोन गोण्या मिळतात का बघायला आला होता. त्याच्या हातात फॉर्म कुणी दिला नाही. बरोबरच आहे, बाप सभासद नव्हता. मी, ज्याच्या हातचं अक्षर सगळ्या गावाच्या कर्जाखाली आहे तो त्याचा पोरगा, मीही नव्हतो.

तेव्हा समाधान मोजायला निघण्याआधी विचारा, यादी कुणी काढली?

आता कामगिरी. सोसायटीची कामगिरी कागदावर कशी दिसते ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण हे पुस्तकात नाही. आमच्याकडे शब्द आहे नवंजुनं. मार्च आला की थकलेलं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी नवं कर्ज उचलल्याचं दाखवायचं. पैसा जागचा हलत नाही. हललाच तर गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याकडून दोन दिवसांसाठी आणायचा, भरायचा, काढायचा, त्याला त्याचं व्याज टेकवायचं. वहीत वसुली झळकते. ऑडिटवाला 'अ' वर्ग देऊन जातो. चेअरमनचा फोटो छापून येतो. मुद्दल वर्षावर्षाला फुगत जातं आणि एका साली गारपीट होते, कांदा मातीमोल होतो, मग ती साखळी तुटते. त्या दिवशी कळतं की दहा वर्षं कुणी काही फेडलेलंच नव्हतं.

दुसरा शब्द आहे अनिष्ट तफावत. सोसायटी जिल्हा बँकेकडून घेते आणि सभासदाला देते. सभासदांकडून येणं किती, बँकेला देणं किती, हे दोन आकडे जुळायला हवेत. देणं जास्त आणि येणं कमी झालं की त्याला अनिष्ट तफावत म्हणतात. म्हणजे सभासदानं पैसा भरला, पण वर पोचला नाही. कुठे मुरला ते विचारू नका. मग बँक त्या सोसायटीचं कर्जवाटपच थांबवते. ज्या म्हाताऱ्यानं पै न पै फेडली त्यालाही नवं पीककर्ज नाही. त्याच्या हातात पावती आहे, त्याचं खातं कोरं आहे, आणि बियाण्यासाठी तो दुकानदाराकडे उधारीवर उभा आहे. हा माणूस यादीतला होता बरं का. समाधानी या रकान्यात.

नाशिक जिल्हा मध्यवर्ती बँकेचं तुम्हाला माहीत आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा गेल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. खेड्यातल्या माणसाचं खातं जिथं होतं नेमकं तेच दार लावलं. स्वतःच्या ठेवीतले दोन हजार काढायला माणसं दिवसदिवस रांगेत. आपल्या काही पुढाऱ्यांनी तेव्हा सगळा दोष नोटाबंदीवर टाकला, तो सोयीचा होता. बँक आधीच आतून पोखरलेली होती. मोठी कर्जं मोठ्यांकडे अडकलेली, आणि खाली सोसायट्यांत नवंजुनं. पुढे संचालक मंडळ गेलं, प्रशासक आले, आणि वसुली सुरू झाली ती ट्रॅक्टर ओढण्यापासून नि जमिनीचे लिलाव पुकारण्यापासून. शेतकऱ्यांनी मोर्चे काढले. काढायलाच हवे होते. पण एक हिशेब त्या मोर्चात कुणी मांडला नाही, तो मी इथं मांडतो. २००८ ची कर्जमाफी, २०१७ ची, २०१९ ची. तिन्ही शेतीकर्जाच्या. बँकेकडून किंवा सोसायटीतून शेतीकर्ज मिळायचं तर सातबारा हवा. ज्या बाईनं त्या शेतात कांदे लावले, खुरपले, काढले, तिचं कर्ज फायनान्सवाल्याकडे आहे, आठवड्याच्या हप्त्यानं. ते कुठल्या यादीत बसलं?

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग सहकार हा फ्रॉड आहे, मोडा. मी तसं म्हणणार नाही. आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटं झालेलं मी पाहिलंय आणि ते सांगितल्याशिवाय हे भाषण अर्धं राहील.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. कालव्याच्या शेपटाला ओझर. शेपटाला पाणी कधी पोचायचंच नाही. वरचे उपसून घ्यायचे, पाटबंधारे खात्याचा माणूस चिरीमिरी घेऊन दार उघडायचा. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथं १९९०-९१ च्या सुमारास पहिल्या तीन पाणी वापर सहकारी संस्था काढल्या, त्यातल्या एकीचं नाव महात्मा फुले. लक्षात घ्या, सुरुवात शेपटाकडून झाली. ज्याला पाणी मिळत नव्हतं तो आधी संघटित झाला. संस्थेनं सरकारकडून पाणी मोजून घ्यायचं, घनमापानं, आणि सभासदाला मोजून द्यायचं. पुढे हळूहळू सगळ्या लाभक्षेत्रात चोवीस संस्था झाल्या, २००३ साली त्यांची प्रकल्प पातळीची संस्था झाली, आणि अख्ख्या धरणाचं पाणी वाटायचं काम शेतकऱ्यांच्या हातात आलं. २००५ साली महाराष्ट्रानं पाणी वापर संस्थांचा कायदा केला, त्याआधीच ही माणसं ते करून बसली होती.

तिथं काय वेगळं होतं? चेअरमन देवमाणूस होता म्हणून झालं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी धरणात पाणी किती, आपल्या वाट्याला किती, पाळी कधी, हे सगळ्यांसमोर ठरायचं. पाटकरी संस्थेचा पगारी. त्यानं कुणाच्या दारात जादा तास पाणी सोडलं तर शेजाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, वही उघडायचीही गरज नाही. कर्जाच्या सोसायटीत चोरी वहीत होते आणि वही कपाटात असते. पाण्याच्या संस्थेत चोरी शेतात होते. आणि तिसरी गोष्ट, पाणीपट्टी सभासदाच्या खिशातून येते, त्यामुळे सभेला तो स्वतः चालत येतो. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, सांगू? सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते म्हणून घ्यायची. अहवाल वाचून होण्याआधीच मागून आवाज, 'मंजूर, मंजूर!' अकरा वर्षांत एकदाही एकाही विषयावर चर्चा झाली नाही. इतिवृत्त मी आदल्या रात्री लिहून ठेवायचो.

का असं? कारण पैसा सभासदाचा नव्हताच. १९०४ साली इंग्रजांनी पतसंस्थांचा कायदा केला तो १८७५ च्या दंग्यांची भीती मनात धरून, कुणब्याला सावकाराच्या तावडीतून सोडवतो म्हणून. पन्नास वर्षांनी देशभर पाहणी झाली तेव्हा निघालं की १९५१-५२ साली शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा शंभरात जेमतेम तीन रुपये. मग ठरलं की सरकारनं भांडवल घालायचं. घातलं. भांडवल सरकारचं, सत्ता गावातल्या बागायतदाराची, आणि सभासद म्हणजे शेअरची पावती. कर्ज देतानाच त्यातून शेअरची रक्कम कापून घेतली की झाला मालक! असा मालक हिशेब विचारत नाही. तो फक्त निवडणुकीला जीपमधून येतो.

साखर कारखान्यांवर फार बोलत नाही, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. एवढंच बघा, निफाडचा कारखाना आणि पळशाचा नाशिक कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिले, शेवटी भाड्यानं चालवायला द्यावे लागले. त्याच जिल्ह्यात, त्याच कायद्याखाली दिंडोरीचा कादवा चालू राहिला. तेव्हा कायद्यातच खोट आहे असं म्हणून सुटता येत नाही. पण जो चालू आहे त्याच्याही सभासद यादीत ऊस तोडणारा नाही.

इथं मी मूळ मुद्द्यावर येतो. वाघाडचं मी कौतुक केलं. पण त्या संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याची जमीन आहे तो. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. जमीन नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर सभासद नाही, सभासद नाही तर तुझं समाधान कुणी विचारत नाही. चांगली संस्थादेखील गावकुसापर्यंत येऊन थांबते.

ते कुसू ओलांडता येतं याचेही दाखले आहेत. पुरंदर तालुक्यात, नायगावला, बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथं पाणी माणशी द्यायचं ठरलं, डोई अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. वाटा हातात असला की तो दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं पीक काढू शकतो, सालदार म्हणून नव्हे, पाण्याचा धनी म्हणून. विचार करा, केवढा उलटा हिशेब आहे हा! आणि मिरज तालुक्यात म्हैसाळला १९६९ साली श्री विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था झाली. मधुकर देवल यांनी उभी केली. देवल संघाचे. त्यांच्या विचाराशी आपलं भांडण आहे आणि राहील. पण दलितांच्या गहाण पडलेल्या जमिनी सोडवून, एकत्र करून, उपसा सिंचनाचं पाणी देऊन तिथं द्राक्षं लावली गेली, हे घडलं ते घडलं. आपण मोर्चे काढत होतो तेव्हा हे काम आपल्यातल्या कुणी का केलं नाही, हा प्रश्न मला टोचतो. तुम्हाला टोचत नसेल तर सोडून द्या.

खरं तर तो विचार आपलाच होता. १९४७ साली बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे मांडण्यासाठी जे निवेदन लिहिलं त्यात शेती हा राज्याचा उद्योग करा, जमीन गावकऱ्यांना जात न बघता सामुदायिकपणे कसायला द्या, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको, असं मागितलं. त्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड. काळारामाच्या दारात उभा राहिलेला हा माणूस १९५९ ला आणि १९६४-६५ ला जमिनीसाठी लोकांना घेऊन रस्त्यावर आला. लाखो माणसं तुरुंगात गेली. आज त्यांच्या नावानं सरकारची योजना आहे, २००४ पासून. भूमिहीन दलिताला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. कागदावर छान. निफाडात जाऊन सरकारी दरात दोन एकर बागायत विकत घेऊन दाखवा.

आता आमच्या घराचं सांगतो. आमची दीड एकर आहे, वतनाची. १९५८ च्या कायद्यानं महारवतनं गेली, ठरलेली रक्कम भरून जमिनी परत नावावर झाल्या, पण शर्तीनं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन. परवानगीशिवाय विकता येत नाही. बाप तरुणपणी सभासद व्हायला गेला तेव्हा सचिव म्हणाला, "तुझी जमीन वर्ग दोन. तारण चालत नाही." बापानं मान डोलावली आणि घरी आला. पंचवीस वर्षं आम्ही ते खरं मानलं. कारकुनीत असताना मी महसूल संहिता वाचली. कलम ३६, पोटकलम ४. वर्ग दोनच्या भोगवटादाराला सहकारी संस्थेकडून कर्ज घेताना जमीन गहाण ठेवता येते. स्पष्ट लिहिलंय. सचिवाला माहीत नव्हतं असं मी समजत नाही.

मी बापाला घेऊन पुन्हा गेलो. सचिव नवा होता, माझ्यापेक्षा लहान. तो बापाला म्हणाला, "काय करणार तू सभासद होऊन? खत देतोच ना तुला?"

बाप म्हणाला, "देता ना अण्णा. पावती नाही देत."

माझ्या बापाचं वय सत्तरच्या पुढे आहे. तो त्या पोराला अण्णा म्हणतो आणि पोरगा त्याला अरेतुरे करतो. समाधानाच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

तुम्ही विचाराल, राखीव जागा असतात ना? असतात. संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमाती मिळून एक. आमच्या सोसायटीत तेरा संचालकांत आपला एक होता. सभेची नोटीस त्याला मिळायची नाही, इतिवृत्तावरची त्याची सही मी त्याच्या घरी जाऊन घ्यायचो. तो भाकरी खाताखाता सही करायचा आणि विचारायचा, "काय ठरलं?" त्याच्यावर हसू नका. बारा जणांत एकटा बसून बघा. आणि बाजार समितीचं गणित तर याहून मजेशीर आहे. लासलगाव असो की पिंपळगाव, अठरा संचालकांतले अकरा सोसायटी गटातून येतात. त्या अकरांत महिलांच्या दोन, इतर मागास एक, भटक्या-विमुक्तांची एक, बाकी सात खुल्या. अनुसूचित जातीची जागा त्या गटात नाहीच. ती ग्रामपंचायत गटात ठेवलीय, तीही जमातीबरोबर वाटून. सोसायटी गटाचे मतदार म्हणजे सोसायट्यांचे संचालक. म्हणजे कांद्याचा बाजार कसा चालावा हे ज्याच्या हातात आहे तो रस्ता विकास सोसायटीच्या दारातून जातो, आणि त्या दारात माझा बाप युरियासाठी बसलाय.

हल्ली उत्पादक कंपन्यांचा बोलबाला आहे. २००२ च्या कायद्यानं आल्या. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं द्राक्षात नाव काढलं, ते खोटं नाही. २०१० ला क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडली, तेव्हा या जिल्ह्यातले बागायतदार रडकुंडीला आले होते. माल तपासून, प्रतवारी करून, थेट विकून पैसे वेळेवर देणारी संस्था त्यांना हवीच होती, म्हणून ते तिच्याशी टिकून राहिले. गरज आणि हिशेब, वाघाडचीच गोष्ट. पण इथंही बघा, कायद्यातली 'उत्पादक' शब्दाची व्याख्या रुंद आहे, शेतमालाशी संबंधित काम करणारा कुणीही तीत बसू शकतो. व्यवहारात मात्र जिथं जाल तिथं आधी सातबारा मागतात. घडाची विरळणी करणारी बाई उत्पादक नाही का? हा प्रश्न कोर्टात कुणी नेलाय का, आपल्यातल्या वकिलांनी बघावं.

तुम्ही शहरात राहता. गावचा सातबारा काढून बघा, पुष्कळांच्या आज्याचं नाव अजून त्यावर असेल, सतरा हिस्सेदारांसकट. पाच हजार रुपडे देऊन कुणीतरी ती जमीन कसतोय आणि त्यावर स्वतः खत उचलतोय. वारसनोंद करा. मग सभासदत्वाचा अर्ज करा, लेखी. तोंडी अर्जाला तोंडी नकार मिळतो आणि दोन्हीचा पुरावा राहत नाही. आणि 'नाममात्र सभासद' म्हणून कुणी कागद पुढे केला तर सही करू नका. त्याला मत नसतं.

सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सभासदांचं रजिस्टर, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात. मला त्या दप्तरातलं पान न् पान माहीत आहे. म्हणूनच मला नोकरीवरून काढलं, पण ते असो.

बापाचा अर्ज आम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवलाय. पोच माझ्या खिशात आहे, ही बघा. अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला तीन महिने पुरे होतात. दहा तारखेला सकाळी मी आणि बाप सोसायटीत जाणार आहोत, रजिस्टर बघायला. सातच्या एसटीनं निघू. कुणाला यायचं असेल त्यानं साडेसहाला सीबीएसवर यावं, चहा बापाकडून.

जय भीम.